सहावी मात्रा

“नाव दप्तरात लिहायला असतं, घरात हाक पुरते,” असं तात्या एकदा म्हणाले होते.

म्हणाले होते धाकट्या मेहुण्याला. मेहुण्याचं नुकतंच लग्न झालेलं, आणि तो दिवसातून चाळीस वेळा बायकोचं नाव घेत होता. पाणी हवं तरी नाव, चप्पल सापडली तरी नाव. जेवताना त्यानं तात्यांना डिवचलं, “आमच्या ताईला तुम्ही नावानं हाक मारलेली कधी ऐकली नाही बुवा. आवडलं नव्हतं तर ठेवलंत कशाला?” तात्यांनी आमटी भुरकली, वाटी खाली ठेवली आणि ते वाक्य टाकलं. पंगत हसली. आत पोळ्या लाटणाऱ्या शामलाबाईंनाही हसू आलं, कारण खरंच होतं ते. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीनं ‘शामला’ असं लिहिलं ते तात्यांनीच. माहेरचं नाव माहेरी राहिलं. आणि हे नवं नाव ज्या हातानं लिहिलं, त्या माणसाच्या तोंडून पुढं त्यांनी ते एकदाही ऐकलं नाही. सासूच्या तोंडी ते रुळलं, गल्लीच्या तोंडी रुळलं, गॅस सिलिंडरवाल्याच्या आणि बँकेतल्या मुलीच्याही तोंडी रुळलं. तात्यांचं आपलं ‘अगं’ नाहीतर ‘ऐकलं का’.

एकावन्न वर्षं शामलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. बावन्नावं लागलं तेव्हा वाटायला लागलं.

तुळजापुरात महाद्वाराच्या मागच्या बोळात त्यांचं घर. तात्यांचे वडील उपाध्ये. बाहेरगावचे यात्रेकरू त्यांच्याकडंच उतरायचे. तीन खोल्या, वर माळवदाचं मातीचं छप्पर, आणि बारा महिने घरात कुणी ना कुणी परकं. कधी नांदेडकडचं कुटुंब, कधी सोलापूरकडची नवरा-नवरी, कधी कर्नाटकातला अख्खा गाडीभर गोतावळा. तात्यांना त्या व्यवसायात रस नव्हता. धाकट्या भावाकडं गादी सोपवून त्यांनी कारकुनी धरली. पहिली सात वर्षं भूमच्या तहसीलात काढली, मग तुळजापूरला बदली झाली आणि बदलीपाठोपाठ लग्न. तेव्हा ते सत्तावीसचे, शामलाबाई विसाच्या.

कचेरीत तात्या अभिलेखाच्या खोलीत बसत. निजामाच्या अमदानीतले उर्दूतले कागद तालुक्यात वाचता येणारे दोन-तीनच लोक उरले होते, त्यांतले ते एक. वडिलांनी शिकवलेलं. बांधावरून डोकी फुटलेले दोन भाऊ यायचे, तात्या शांतपणे दप्तर सोडायचे, धूळ झटकायचे आणि एका ओळीवर बोट ठेवायचे. “हा तुमचा आजा. हा त्याचा बांध. आता घरी जा.” हरवलेलं नाव शोधून द्यायचं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही कुणी कुणी कागदाची सुरळी घेऊन दारात यायचं, आणि तात्या चष्मा लावून ओसरीवर बसायचे.

बोलणं कमीच. हात मात्र स्वस्थ नसायचे. भूमला असताना ते तबला शिकले होते. बदलीत डग्गा फुटला, नवा काही आला नाही, पण बोटं टेबलावर, गुडघ्यावर, एस्टीच्या खिडकीच्या दांडीवर चालत राहायची. लोकांना तेवढीच त्यांची ओळख: वाजवणारे तात्या.

दोन वर्षांपूर्वी ते घसरायला लागले. आधी चहा झाला की नाही ते विसरायचे. मग पेन्शनच्या दाखल्यावर सही करताना पेन हवेत धरून बसून राहिले. आणि एका सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, पिशवी काखेत मारून ते शामलाबाईंसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

“बाई, दर्शन चांगलं झालं. तुमच्या पाहुणचारात काही कमी पडलं नाही. आता आमची गाडी आहे.”

शामलाबाईंच्या हातात दुधाचं पातेलं होतं. त्यांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. मग त्यांनी तात्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं ती सभ्य, परकी कृतज्ञता होती, जी त्यांनी त्या घरातून निघताना हजारो माणसांच्या डोळ्यांत पाहिली होती. यात्रेकरूची. जन्मलेल्या घरात तात्या यात्रेकरू झाले होते.

“पुढच्या गाडीनं जा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “जेवण तयार आहे.”

“बरं,” तात्या म्हणाले आणि पिशवी घेऊन बसले.

गेल्या वर्षी मार्चात ते एका संध्याकाळी दिसेनासे झाले. शामलाबाई बोळाच्या तोंडाशी शिवप्पाच्या दुकानापर्यंत अनवाणी धावल्या. शिवप्पा कवड्यांच्या माळा, परड्या आणि कुंकू विकतो. तात्यांच्या मागंपुढं हिंडत मोठा झालेला. त्यानं दुकान उघडंच टाकलं, गाडी काढली आणि अर्ध्या तासात तात्यांना मागं बसवून आणलं.

“वैनी, घाबरू नका. घाटशीळच्या रस्त्याला वळणावर तो धोंडा न्हाय का, त्येच्यावर बसले हुते. निवांत. म्या म्हनलं, तात्या, हितं काय करताय? तर बोलंनात. गावाकडं तोंड करून बसलेले. कुणाची वाट बघत असल्यागत.”

“बसस्टँड समजले असतील,” शामलाबाई म्हणाल्या.

“असंल. पर हात सोडवंना त्या धोंड्याचा. लई जोर हाय अजून म्हाताऱ्यात!”

त्या दिवसापासून बाहेरच्या दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली शामलाबाईंच्या कमरेला आली.

मुलगी निवेदिता पुण्याला असते. ती रजा काढून आली, तात्यांना धाराशिवला घेऊन गेली. तिथं डॉक्टर रणधीर भेटले. येरमाळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, मेंदूचं शिक्षण मोठ्या शहरात घेऊन परत आलेला. दर गुरुवारी ते एका सभागृहात विस्मरणाच्या म्हाताऱ्यांचा वर्ग भरवत. पेटी, टाळ, एक स्पीकर आणि वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. पहिल्या दिवशी त्यांनी तात्यांना साधे प्रश्न विचारले, आणि नर्स कागदावर खुणा करत गेली.

“हे गाव कुठलं, तात्या?”

“उस्मानाबाद.”

नर्सचं पेन थबकलं. “बरोबर लिहा हो,” डॉक्टर म्हणाले. “माझी आजी डोक्यानं ठणठणीत आहे, तीसुद्धा अजून तेच म्हणते.”

“आणि ह्या कोण?”

तात्यांनी शामलाबाईंकडं नीट पाहिलं. “बाई आहेत,” ते म्हणाले. “सुगरण आहेत.”

सगळे हसले. शामलाबाईही हसल्या. नर्सनं फुली मारली. ती फुली शामलाबाईंनी खुर्चीतून वाकून पाहिली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला एकच काम उरलं: ती फुली पुसायची. बाकी ते काही का विसरेनात. गाव विसरू देत, वार विसरू देत. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं, ही शामला.

वर्ग सुटल्यावर त्यांनी डॉक्टरांना गाठलं. “गाण्यानं काय होतं, ते मला समजेल असं सांगा.”

रणधीर खुर्ची ओढून बसले. “काकू, तात्या कचेरीतले ना? मग असं समजा, रोज आलेला कागद फायलीला लावणारा जो शिपाई, तोच गेला. करंगळीएवढा भाग असतो, कानाच्या आतल्या अंगाला. त्यामुळं सकाळचं संध्याकाळी राहत नाही. जुनी दप्तरं आत आहेत, पण काढून देणारं कुणी नाही. गाण्याचं तसं नसतं. गाणं एका कपाटात राहत नाही. सूर एकीकडं, शब्द दुसरीकडं, आणि ठेका पार तळाला, जिथनं हातपाय हलतात तिथं. तिथं हा रोग उशिरा पोचतो. आमच्या येरमाळ्याला चैत्रात यात्रेच्या गर्दीनं रस्ता बंद पडतो, तेव्हा माणसं शेताशेतातनं येतात. पण येतात.”

“म्हणजे मला ओळखतील?”

“ते मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही, म्हणून शामलाबाईंना ते आवडले. “गाणं म्हणजे औषध नव्हे. गेलेलं परत येत नाही. घटकाभर माणूस स्वस्थ होतो, भीती कमी होते, कधी बोलतो. पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेली गाणी सगळ्यांत घट्ट बसलेली असतात. तिथनं सुरुवात करा. आणि हातात ताल आहे त्यांच्या, तो मोडू नका.”

निवेदितानं दोन रात्री बसून त्या वर्षांतली रेडिओवरची गाणी शोधली आणि एका छोट्या स्पीकरमध्ये भरून दिली. पहिल्या संध्याकाळी ती लावली, तेव्हा तात्यांची मान हळूहळू सरळ झाली. गाणं सुरू होऊन दोन ओळी गेल्या आणि तिसरी ओळ त्यांच्या तोंडून आली, शब्द न गाळता. महिनोन् महिने ज्या माणसाला धड वाक्य जुळत नव्हतं, तो कडवंच्या कडवं म्हणत होता. शामलाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. डोळे पुसायचं भान त्यांना राहिलं नाही.

गाणं संपलं की तात्या बोलायचे. पण कुठलं? भूमचं. तिथली माडीवरची खोली, खाली खव्याची भट्टी, पहाटेपासून आटणाऱ्या दुधाचा वास अंथरुणात यायचा तो. तबला शिकवणारे बंडप्पा बुवा, ठेका चुकला की मनगटावर छडी देणारे. “बुवा म्हणायचे, ‘कारकुना, मात्रा खाऊ नको. मात्रा खाल्लीस तर ज्याची मात्रा तो उपाशी राहतो.’” असं म्हणून तात्या खुदखुदायचे. सात वर्षं ते त्या खोलीत होते आणि शामलाबाईंनी ती खोली कधी पाहिली नव्हती.

एकदा धीर करून त्यांनी विचारलं, “मग लग्नबिग्न केलंत की नाही?”

तात्या लाजले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाजला. “घरचे बघताहेत,” ते म्हणाले.

“कशी हवी?”

त्यांनी जरा विचार केला. “कमी बोलणारी.”

शामलाबाईंना आधी हसू आलं. त्यांना डॉक्टरांचं गणित कळलं होतं. पंधरा ते पंचवीस. त्या आल्या सत्ताविसाव्या वर्षी. गाणी सगळी पलीकडच्या तीरावर होती आणि त्या अलीकडच्या. प्रत्येक गाणं तात्यांना जवळ आणायचं, बोलकं करायचं, आणि त्यांच्यापासून दूर, त्या लग्नाआधीच्या माडीवर नेऊन ठेवायचं. तरी त्या रोज स्पीकर लावत. पलीकडच्या तीरावर का होईना, माणूस दिसत तर होता.

दर महिन्याला धाराशिवची खेप व्हायची, तोच प्रश्न व्हायचा. शामलाबाई शिकवणीच घ्यायला लागल्या होत्या. एस्टीत तात्यांच्या कानाशी लागून म्हणायच्या, “शामला. म्हणा. शा-म-ला.” तात्या नम्रपणे मान हलवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायची. वर्गात पोचल्यावर पुन्हा फुली. कधी “बाई”, कधी “मालकीणबाई”, एकदा तर “ह्या नेहमी येतात”.

आणि संध्याकाळी तो चाळा. साडेचार-पाच वाजले की तात्या बेचैन व्हायचे. हातांच्या लाकडी खुर्चीत बसून दांड्यावर बोटं आपटत राहायचे. थोडं वाजवायचे, थांबायचे. पुन्हा तेवढंच वाजवायचे, पुन्हा थांबायचे. मग दाराकडं बघायचे. तासभर चालायचं ते. शेवटी बोटं लाल व्हायची आणि तात्या मान खाली घालून गप्प व्हायचे, कुणी अपमान केल्यासारखे. निवेदितानं डॉक्टरांना दाखवायच्या वहीत लिहिलं: संध्याकाळी बोटांचा चाळा, अस्वस्थता. कुठंतरी वाचून तिनं सांगितलं की असल्या वेळी हाताखाली मऊ काही द्यावं. डॉक्टरांनी ताल मोडू नका म्हटलं होतं, पण त्यात ठेका कसला? अर्धवट तर होतं सगळं. शामलाबाईंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याची उशी शिवली. लांबट, दांड्यावर नीट बसेल अशी, खाली नाड्या. जिवापाड शिवली. चाळा थांबला नाही, आवाज थांबला. बोटं उशीत रुतत राहिली, आणि स्वयंपाकघरात काही ऐकू येईनासं झालं.

श्रावणात शामलाबाई न्हाणीघरात घसरल्या. फार लागलं नाही, पण निवेदितानं धसका घेतला. तिनं सोलापुरातली एक संस्था पाहून ठेवली होती. अशा माणसांना सांभाळणारी, स्वच्छ, नर्सा असलेली. फक्त रुग्णाला ठेवून घेतात. शनिवारी ती गाडी घेऊन आली. सोमवारी सकाळी तात्यांना न्यायचं ठरवूनच.

“आई, तुझं वय एकाहत्तर. उद्या तुझं काही मोडलं तर दोघांना कोण बघणार?”

“इतकी वर्षं कोण बघत होतं?”

“तेव्हा ते तात्या होते. आता…” निवेदिता थांबली. मग ज्याची तिलाही भीती होती ते तिनं म्हटलं. “त्यांना तू कोण ते कळत नाही, आई. इथं असले काय नि तिथं असले काय, त्यांच्या लेखी पोळ्या करणारी एक बाई. तू कुणासाठी झिजतेस?”

शामलाबाईंनी उत्तर दिलं नाही. कमी बोलणारी हवी होती ना. रात्री त्यांना तात्यांचं ते वाक्य आठवलं, घरात हाक पुरते. आता नावही नाही, हाकही नाही, असं वाटून त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मुलीचं खरं होतं. त्यांनी तिला सांगून टाकलं, “उद्या एकदा शेवटचं माझं नाव विचार त्यांना. नाही सांगता आलं तर ने.”

रविवारी दुपारी चहा देताना तात्यांच्या हातून कप कलंडला आणि उशी भिजली. निवेदितानं ती सोडली, धुतली आणि दोरीवर टाकली. चारला वीज गेली. पंखा थांबला, स्पीकरची बॅटरीही संपलेली होती. घरात इतकी शांतता झाली की महाद्वाराकडून ‘उदो उदो’ची आरोळी अंगणात आल्यासारखी वाटली. शामलाबाई दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी दशम्या लाटायला बसल्या. दुधात भिजवलेली कणीक, पोळपाट, लाटणं.

बाहेरच्या खोलीत निवेदिता संस्थेचा अर्ज भरत होती. तिनं पेन खाली ठेवलं, तात्यांचा हात हातात घेतला.

“तात्या, माझ्याकडं बघा. आत स्वयंपाकघरात कोण आहे?”

तात्या दाराकडं बघत राहिले.

“तुमची बायको आहे. तिचं नाव काय?”

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. ओशाळल्यासारखं तोंड केलं, जसं एखाद्यानं चारचौघांत नको ते विचारावं. हात सोडवून घेतला आणि तो खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

निवेदितानं अर्ज पुन्हा पुढं ओढला.

तेव्हा दांड्यावर बोटं पडली. धा धिं ना, धा तिं… आणि थांबली.

शामलाबाईंनी दशमी उलटली. पुन्हा तेच आलं. धा धिं ना, धा तिं… सहा मात्रांचा दादरा, पाच वाजलेल्या, सहावी नाही. हे त्यांनी वर्षभर ऐकलं होतं, पण पंख्याच्या घरघरीतून, स्पीकरच्या गाण्यातून, आणि मग उशीतून. या शांततेत ते नुसतं, उघडं आलं. तिसऱ्यांदा बोटं पाचव्या मात्रेवर थांबली आणि शामलाबाईंचा हात उठला. त्यांनी उचलला नाही, उठला. लाटण्याचं टोक पोळपाटाच्या काठावर पडलं.

टक्.

आणि मग त्यांना आठवलं. आधी हाताला, मागून त्यांना.

लग्नानंतरची पहिली पंचवीस वर्षं या घरात नवरा-बायकोला बोलायला कोपरा नव्हता. सोप्यात यात्रेकरू, ओसरीवर यात्रेकरू, स्वयंपाकघरात सासू. वडीलधाऱ्यांसमोर बायकोला नावानं काय, ‘अगं’ म्हणूनही हाक मारायची पद्धत नव्हती. तात्या कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिल्यासारखं करून बोटांनी लाकडावर वाजवायचे. पाच मात्रा. मात्रा खाऊ नको म्हणून मार खाल्लेला हा माणूस रोज एक मात्रा मुद्दाम ठेवायचा. ती शामलाबाईंची. जमत असेल तर त्यांनी ती लाटण्यानं द्यायची. टक्, म्हणजे ऐकलं, येते. जमत नसेल तर द्यायची नाही. सासू एकदा म्हणाली होती, “जा बाई, तुझा तबला वाजला. चार घरांना ऐकू गेला, तुलाच तेवढा येत नाही.”

मात्रा मिळाली की तात्या काही न बोलता टोपी घालून बाहेर पडायचे. दोघांनी बरोबर निघायचं नाही. ते पुढं, मागं वळून न बघता. वीस पावलं सोडून शामलाबाई, हातात हळदीकुंकवाची कोयरी, देवीला निघाल्यासारख्या. घाटशीळच्या रस्त्याला वळणावर एक धोंडा आहे. गल्लीचे डोळे तिथवर पोचत नाहीत. त्या धोंड्यावर बसून तात्या पहिल्यांदा गावाकडं तोंड करायचे आणि वाट बघायचे.

पुढं सासू-सासरे गेले. यात्रेकरू लॉजवर उतरायला लागले. माळवद जाऊन स्लॅब आला, निवेदिता पुण्याला गेली, आणि अख्खं घर दोघांना मोकळं झालं. मोकळीक आली तशी ती हाक गेली. गरजच उरली नव्हती. ‘ऐकलं का’ म्हटलं की चारी भिंतींना ऐकू जायचं. त्या दोघांनी आपसातही कधी त्या खुणेचा उल्लेख केला नव्हता, तिला नाव दिलं नव्हतं, म्हणून की काय, शामलाबाई ती पार विसरून गेल्या. सगळे तात्यांचं विसरणं मोजत होते. त्यांचं कुणी मोजलं नव्हतं.

वर्षभर हा माणूस रोज साडेचार वाजता हाक मारत होता. रोज उत्तर येत नव्हतं, म्हणजे तिला जमत नाही असं समजून मान खाली घालत होता. आणि त्या हाकेखाली त्यांनी उशी शिवून दिली होती. आपल्याच लुगड्याची.

बाहेर खुर्ची करकरली.

“तात्या? बसा, काय हवंय?” निवेदिताचा आवाज आला. “आई, अगं हे बघ, उठले. टोपी घेतायत. आई, पुन्हा सुरू झालं यांचं!”

शामलाबाई कणकेच्या हातांनी दारात आल्या. तात्या खुंटीवरची टोपी डोक्यावर बसवत होते. त्यांनी शामलाबाईंकडं पाहिलं नाही. तेव्हाही पाहायचे नाहीत. तोंडावर घाई होती, थोडी चोरी होती, आणि वर्षभरात न दिसलेलं काहीतरी होतं, जे सांगायला शामलाबाईंकडं शब्द नव्हता. चपला पायांत सरकवून ते बंद दारासमोर जाऊन उभे राहिले.

“दार उघड,” शामलाबाई म्हणाल्या.

“आई, वेड लागलंय का? गेल्या वर्षी मार्चमध्ये काय झालं होतं ते विसरलीस?”

“विसरलेच होते. माझे हात कणकेचे आहेत. कमरेची किल्ली काढ.”

“अगं, पण ते कुठं जातील याचा भरवसा…”

“मला माहीत आहे कुठं जातील.”

“त्यांना तुझं नावसुद्धा…”

“नाव कधी घेत होते ते?” शामलाबाई म्हणाल्या. आवाजात कुठंतरी हसू होतं. “नावाचं काय घेऊन बसलीस. उघड. आणि तो अर्ज गुंडाळून ठेव.”

निवेदिताला काही कळलं नाही, पण आईचा असा आवाज तिनं लहानपणानंतर ऐकला नव्हता. तिनं किल्ली काढली, कुलूप काढलं, दार ओढलं. बोळातलं उतरतीचं ऊन आत आलं. शिवप्पानं दुकानातून पाहिलं आणि तो उठायला लागला. शामलाबाईंनी त्याला कणकेच्या हातानंच थांबवलं.

त्यांना आपली चप्पल सापडत नव्हती. धोंड्यावर तात्या कुणाची वाट बघतील, विशीतल्या त्या मुलीची की या म्हातारीची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. वळणावर पोचल्यावर कळेल. आधी वीस पावलं सोडायची होती.

तात्यांनी उंबऱ्यापाशी क्षणभर चौकटीला हात टेकला, ती चाचपली, आणि मागं वळून न बघता, एक अक्षर न बोलता, ते बाहेर पडले.